चार बोटं माया

दिनांक ९ जुलै

चि. गुंडी हिस,

प्रभूच्या नावाने सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला पाच दिवस लागले, राग धरू नकोस. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कापडावर खडूने रेघ ओढताना माझा हात अजून हलत नाही, पण कागद पुढे आला की घाम फुटतो. चुका असतील त्या सांभाळून घे.

गुंडी म्हटलेलं चालेल ना? तुझं खरं नाव तू पत्राखाली लिहिलं आहेस, पण ते माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. माझ्या मशीनखाली बसून तू गुंड्यांचा डबा ओतायचीस. दोन भोकांच्या एकीकडे, चार भोकांच्या एकीकडे. तेव्हापासून तू गुंडी. बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, घरी हिला गुंडी का म्हणता, ही तर कोणाला बोटसुद्धा लावत नाही. मी म्हटलं, बाई, गुंडाची नव्हे, शर्टाची.

मी ठीक आहे. ठीक म्हणजे गुडघे धरतात, आणि डाव्या डोळ्याने सुईचं भोक दिसत नाही. दुकान चार वर्षांपूर्वी बंद केलं. मशीन घरी आणलं आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, अशी उसवाउसवीची कामं घेतो. शेजारी एक नर्सबाई राहतात, त्या सकाळ-संध्याकाळ डोकावून जातात. मी बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो आणि गॅस चारदा, त्यावरून त्या मला बोलतात. परवा म्हणाल्या, मास्तर, तुम्ही मेलात तरी पेटीतून उठून कुलूप बघायला याल.

तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली. तुला कोणी कळवलं नसेल. कळवणारा मीच होतो.

तू रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहेस आणि तुझे यजमान गणित शिकवतात, हे वाचून बरं वाटलं. हातमोजे घालत जा. कोणाच्या रक्तात काय असेल सांगता येत नाही.

आता तू विचारलं आहेस ते.

तुम्ही दोघं आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या बालगृहातून, जिथे तू वाढलीस तिथूनच, एक मुलगी घेणार आहात. त्यासाठी गेलात तेव्हा तिथल्या बाईंनी तुझी स्वतःची जुनी फाईल तुला वाचायला दिली. तीत लिहिलं आहे, मूल रुळले नाही, सबब परत. खाली माझी सही. तू विचारतेस, मी पाच वर्षांचीही नव्हते, मी असं काय केलं होतं? माझ्यात घराला न रुळणारं काही असेल तर दुसऱ्याचं लेकरू आणण्याआधी मला ते कळलं पाहिजे.

गुंडी, एवढ्या जुन्या गोष्टीला इतकं लावून घेऊ नकोस. लहान मुलांचं असं होतं कधीकधी. तू उशीखाली पाव लपवायचीस, त्याला मुंग्या लागायच्या. दिव्याची काच तू फोडली होतीस. झोपेत रडायचीस. तुझ्या आईची तब्येतही त्या दिवसांत नरम होती, तिला झेपेना. कोणाचा दोष नव्हता. देवाची इच्छा असते. तू आता शिकलीसवरलीस, चांगल्या घरी पडलीस, त्याचे आभार मानावेत.

हिरव्या फ्रॉकची तू आठवण काढलीस. बालगृहातल्या मावशीने तीन वेळा खालची दुमड सोडून तो वाढवला आणि आठव्या वर्षापर्यंत तुला पुरला, असं लिहिलंस, ते वाचून मला फार बरं वाटलं. तो मीच शिवला होता. पडद्याचं कापड होतं, एका शाळेच्या ऑर्डरीतून उरलेलं, चांगलं जाड. तू जायच्या पंधरा दिवस आधी शिवला. शिवणीत आणि खाली जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. लोक दोन बोटं ठेवतात. मी चार बोटं माया ठेवली होती, कडेलाही ठेवली होती. म्हटलं, पोर वाढीची आहे, तीनचार वर्षं तरी बघायला नको. पुरला ना? माझा अंदाज चुकत नाही.

जुन्या गोष्टी आहेत, उकरू नयेत. यजमानांना सलाम सांग. पोचल्याचं कळव, नाहीतर जीव टांगणीला लागतो.

तुझे,
बाबा


दिनांक ४ ऑगस्ट

गुंडी,

सलाम.

तुझं चार ओळींचं पत्र आलं. वर "मास्तर" असं लिहिलं आहेस. बरोबर केलंस.

तू लिहिलंस, ज्या मुलीला पंधरा दिवसांनी परत नेऊन सोडायचं होतं, तिच्या फ्रॉकला चार बोटं माया कोण ठेवतं? आणि लिहिलंस की आम्ही बालगृहाला नाही म्हणून कळवलं आहे, खरं काय ते कळेपर्यंत मी कोणाचं लेकरू घरात आणणार नाही.

मी ते वाचून मशीनवर बसलो. एक पँट उलट्या बाजूने शिवली. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं.

मी लबाडी केली, ती माझ्याच तोंडून बाहेर आली. फ्रॉकची फुशारकी मारली नसती तर तुला कळलं नसतं. हेही तुला सांगून टाकतो, कारण आता काही मागे ठेवायचं नाही असं ठरवून बसलो आहे. तरी पहिली तीन पानं फाडली. हे चौथं.

रविवारी उपासनेला गेलो होतो. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, तिशीतले, दर संदेशात हात हलवून पाण्याचा पेला पाडतात. त्या दिवशी ते दत्तकपणावर बोलले. म्हणाले, आपण कोणीच देवाच्या घरात जन्मलेलो नाही. जन्मलेला त्याचा पुत्र एकच. बाकी आपण सगळे आणलेले. पण आणलेल्यांचं पान त्याने वेगळं मांडलं नाही, त्यांना वारस केलं, आणि बापाला ज्या शब्दाने हाक मारायची तो शब्दही तोच दिला. गुलाम भिऊन वागतो, की आज चुकलो तर उद्या दाराबाहेर. लेकराला ते भय नसावं म्हणून हे केलं.

मी इतकी वर्षं हे ऐकत आलो आहे, पण त्या दिवशी मला बसवेना. सगळे गेल्यावर मी त्यांना गाठलं. ते खुर्च्या एकात एक रचत होते.

मी विचारलं, "साहेब, आणि आणलेलं लेकरू रुळलंच नाही तर?"

ते हसले. "मास्तर, रुळलंय कोण? मी रुळलोय? तुम्ही? रुळल्यावर घ्यायचं असतं तर देवाचं घर अजून रिकामंच असतं."

"मग तो परत नाही पाठवत?"

"कोणाकडे पाठवणार? दुसरा बाप आहे कुठे?"

त्यांना काही ठाऊक नाही. ते हे सहज बोलले आणि पुढची खुर्ची उचलली. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

आता सांगतो.

तू आमच्याकडे एक वर्ष आणि दहा महिने होतीस. लग्नाला बारा वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं. तुला आणलं तेव्हा मंडळीसमोर उभं राहून तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, हिला आपलं म्हणून वाढवाल का? आम्ही दोघांनी हो म्हटलं. लोकांनी माझे हात हातात घेतले. म्हणाले, मास्तर, मोठं काम केलंत. मला ते आवडलं. मी चारचौघांत सांगायचो, आम्ही एका अनाथ पोरीला घेतलं. तुझी आई सांगायची, आम्हाला मुलगी झाली. दोघं एकाच पोरीबद्दल बोलायचो. मला तेव्हा फरक कळला नाही.

तू रुळली होतीस. पहिले पंधरा दिवस पाव लपवलास, ते खरं आहे. काच फोडलीस, तीही त्याच पंधरा दिवसांत. मग आईने पावाचा डबा तुझ्या हाताला येईल असा खालच्या फळीवर ठेवला आणि तू लपवायचं सोडलंस. मी तुला लिहिलं ते सगळं पहिल्या पंधरा दिवसांतलं. पुढच्या एक वर्ष साडेनऊ महिन्यांबद्दल मी अक्षर लिहिलं नाही. तू मशीनचं पायडल हाताने दाबून द्यायचीस. गिऱ्हाईक आलं की मापाची टेप आणून द्यायचीस आणि म्हणायचीस, बाबा, यांचं पोट मोठं आहे. एका गिऱ्हाइकाने रागाने कापड परत नेलं होतं. आई पदर तोंडाला लावून हसली होती.

मग तुझ्या आईला दिवस गेले. लग्नाच्या चौदाव्या वर्षी. बाळ सातव्या महिन्यातच आलं. मुलगा. एका तळहातावर मावेल एवढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपा, साधी सर्दीही याला सोसायची नाही. तुला तेव्हा खोकला होता. साधाच, पोरांना असतो तसला. तू त्याच्या मुठीत बोट घालून बसायचीस आणि खोकलीस की मला वाटायचं, कोणीतरी माझ्या पाठीत टोचतंय. मी तसाच आहे, गुंडी, कुलूप तीनदा ओढणारा. पण कुलूप ओढलं तर कोणाचं वाईट होत नाही.

आईला म्हटलं, आठ दिवस गुंडीला बालगृहात ठेवू, खोकला जाईपर्यंत. ती बाळंतिणीच्या खाटेवर होती, नको म्हणत राहिली. मी ऐकलं नाही. तिला झेपत नव्हतं असं मी तुला लिहिलं, ते खोटं. तिला झेपत होतं. तू तिच्या डाव्या कुशीत झोपायचीस आणि बाळ उजव्या.

तेव्हाच्या मोठ्या बाई कडक होत्या. म्हणाल्या, मास्तर, हे सामान ठेवायचं ठिकाण नाही. ती एकतर तुमची लेक आहे, मग खोकल्यासकट घरी न्या. नाहीतर नाही, मग कारण लिहा आणि सही करा. मी उभा. तू बाकावर बसून पाय हलवत होतीस, अंगात तो हिरवा फ्रॉक.

मी विचारलं, "बाकीचे काय लिहितात?"

बाई म्हणाल्या, "बहुतेक जण एकच लिहितात. मूल रुळले नाही."

मी ते लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे म्हणून सावकाश, नीट लिहिलं. ते वाक्य फाईलमध्ये होतं म्हणून पुढे तुला कोणी नेलं नाही, हे मला काल बालगृहात कळलं. दोन घरं आली होती म्हणे. फाईल वाचून दोन्ही परत गेली.

निघताना तू विचारलंस, बाबा, कधी येणार न्यायला? मी म्हटलं, रविवारी.

बाळ तेवीस दिवस जगलं. त्याला खोकला झाला नाही, काही झालं नाही. एका सकाळी दूध ओढेना आणि दुपारी गेलं.

चौथ्या दिवशी तुझी आई उठून बसली, केस विंचरले आणि म्हणाली, "आता माझी मुलगी घेऊन या."

मी चप्पल घालून निघालो. बसच्या थांब्यावर दोन तास बसलो. तीन बसगाड्या गेल्या. पुढचं लिहू नये असं वाटतं, पण तू खरं मागितलं आहेस. मला वाटलं, ही धडधाकट आहे. हिचा खोकलासुद्धा गेला असेल. कोणाची कोण, ती जगली, आणि माझा गेला. ती दारातून आत येईल, गुंड्या ओतेल, आणि मी रोज तिच्याकडे बघून हेच म्हणेन. मला तुझा राग आला होता, गुंडी. पाच वर्षांच्या पोरीचा, ती जिवंत आहे म्हणून.

घरी आलो आणि आईला सांगितलं, तिला एका चांगल्या घरी दिलं म्हणे. अंगण आहे, दोन भावंडं आहेत. आता मागणं बरं दिसणार नाही. तिने खूप वेळ माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, अंगणाला कुंपण आहे का, गुंडी रस्त्यावर पळते. मी म्हटलं, आहे.

बालगृह आमच्यापासून बसने पाऊण तासावर. तू तिथेच होतीस. तुझी आई तेवीस वर्षं त्या अंगणवाल्यांसाठी प्रार्थना करत होती. प्रभू, त्या घराला काही कमी पडू देऊ नकोस. मी शेजारी डोळे मिटून बसायचो आणि शेवटी आमेन म्हणायचो.

देवाने आपला पोटचा दिला आणि परक्यांना घरात घेतलं, असं आम्ही दर रविवारी म्हणतो. मी उलटं केलं. पोटच्यासाठी तुला दाराबाहेर ठेवलं, आणि तो गेल्यावरही दार उघडलं नाही. पाळकसाहेब म्हणतात तो बाप कसा असेल ते मला सांगता येणार नाही. तो माझ्यासारखा नाही एवढं नक्की. तू लहान असताना प्रार्थनेत "हे आमच्या बापा" म्हणायला लावलं की तुला माझा चेहरा आठवत असेल, याची मला फार भीती वाटते.

काल मी बालगृहात गेलो. पहिल्या बसने. आताच्या बाई शांत आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांना सांगितलं, ही नोंद खोडायची आहे. त्या म्हणाल्या, जुनी नोंद खोडता येत नाही, खाली शेरा लिहिता येतो. मी लिहिला. वरील कारण खोटे आहे. मूल पूर्ण रुळले होते. तिला माझ्या भीतीमुळे इथे आणले व माझ्या खोटेपणामुळे परत नेले नाही. तिचा व तिच्या आईचा दोष नाही. पूर्ण हा शब्द मी चुकीचा लिहिला. दुरुस्त करतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, राहू द्या. तारीख घातली, सही केली. त्यांनी त्याची प्रत काढून दिली, ती सोबत जोडली आहे.

निघताना त्यांनी सांगितलं, समिती वीस तारखेला बसणार आहे. त्याआधी तुमचा होकार आला तर ती मुलगी तुमची, नाहीतर यादी पुढे सरकेल. मी तिला पाहिली नाही. त्यांनी विचारलं होतं, मी नको म्हटलं.

म्हणून हे पत्र रजिस्टरने पाठवतो आहे, आणि पोस्टातल्या माणसाला तीनदा विचारलं आहे की वीसच्या आत पोचेल ना.

गुंडी, तू विचारलंस, माझ्यात काय होतं. काही नव्हतं. सगळं माझ्यात होतं, आणि माझं रक्त तुझ्यात नाही. हे मी पहिल्यांदाच देवाचे आभार मानून लिहितो आहे. तू त्या पोरीला आण. ती पाव लपवेल, काच फोडेल, रात्रभर रडेल, आणि तुला कधी तिचा रागही येईल. राग आला म्हणून भिऊ नकोस. तो आला तरी ती घरातच राहते, एवढंच बघ.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायला मी एकोणतीस वर्षं उशीर केला आहे.

मास्तर


दिनांक १२ ऑक्टोबर

गुंडी,

सलाम.

तुझ्या यजमानांचं पत्र मिळालं. त्यांचं अक्षर फार सुबक आहे, गणिताच्या माणसाचं वाटत नाही.

ती घरी आली हे वाचून मी पत्र तसंच हातात धरून नर्सबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, मास्तर, दार उघडं टाकून आलात. खरंच कुलूप लावायचं विसरलो होतो.

त्यांनी लिहिलं आहे की तुझा निरोप आहे, घरी येऊ नये आणि यापुढे पत्रही लिहू नये. नाही येणार. नाही लिहिणार. मुलीचं नाव त्यांनी कळवलं नाही, मीही विचारत नाही. तुझ्या जागी मी असतो तर पत्ता बदलला असता.

फक्त एका गोष्टीचं उत्तर तू मागितलं आहेस, तेवढ्यापुरतं हे शेवटचं. आई कुठे आहे.

आमच्या मंडळीच्या देवळाच्या मागे कबरस्थान आहे. समोरच्या फाटकाने जाऊ नका, त्याची बिजागरी मोडली आहे आणि मुलीचा हात सापडेल. बाजूच्या लहान दाराने या. शनिवारी रखवालदार आतून कडी लावून झोपतो, म्हणून रविवारी या, चार वाजता, तेव्हा कोणी नसतं. आत आलं की डाव्या हाताला नळ. नळाजवळ नेहमी चिखल असतो, मुलीला उचलून घ्या. नळापासून सरळ चौथी रांग, भिंतीकडून तिसरी जागा. करडा दगड, त्यावर एका कोपऱ्याला कपची उडाली आहे. तिच्या उजव्या अंगाला विटांची एक वीतभर चौकट आहे. ते बाळ. त्याच्यावर पाय पडू देऊ नका.

डाव्या अंगाची जागा मी तिच्या वेळेसच स्वतःसाठी लिहून घेतली होती. परवा पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं की मला तिथे नको, कुठेही टाका. त्यांनी कारण विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ते माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. दारात एवढंच म्हणाले, "मास्तर, दत्तकपण परत केलेल्यांसाठीही आहे, आणि परत करणाऱ्यांसाठीही." मला ते अजून खरं वाटत नाही. पण त्यांनी म्हटलं म्हणून तुला लिहिलं. त्यावर तुझा हक्क आधी आहे.

तू ज्या रविवारी येशील त्या रविवारी मी तिकडे फिरकणार नाही. कोणता ते मला कळवायची गरज नाही. या महिन्यातले सगळे रविवार मी घरात बसेन.

एक काम मात्र तुझ्यावर टाकतो.

शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती. मलाही कधी कधी डॉक्टर समजायची. पण एका दुपारी तिने नीट माझ्याकडे बघून विचारलं, "गुंडी आता केवढी झाली असेल हो?" मी म्हटलं, मोठी झाली असेल. ती म्हणाली, "अंगणात खेळायचं वय गेलं मग." आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तीन दिवसांनी गेली. ती मला ओळखून बोलली की न ओळखता, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारतो आहे.

मी दर रविवारी तिथे जातो. दगड पुसतो, गवत काढतो, उभा राहतो. तिला अजून सांगितलेलं नाही. जितकी वर्षं ती ऐकू शकत होती तितकी वर्षं खोटं बोललो, आता दगडापुढे खरं बोलायला तोंड उघडत नाही.

तू सांग. तिला सांग की अंगण नव्हतं, आणि कुंपणही नव्हतं. तू पाऊण तासावर होतीस आणि रविवारची वाट बघत होतीस. तिला ऐकायचा अधिकार आहे. मग मुलीला तिच्यासमोर उभी कर, आणि ही तुझी आजी म्हणून सांग. तिला आई म्हणून मोठ्याने हाक मार. ती तुझीच होती, तिने तुला एक दिवसही परत केलं नव्हतं.

माझ्याबद्दल काय सांगायचं ते तुझ्यावर सोडतो. काही नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझ्या आईचा नवरा